ड्रममधला गणपती

अण्णांच्या पित्राचं पान गच्चीच्या कठड्यावर ठेवून अर्धा तास झाला, तरी कावळा शिवायला तयार नव्हता.

मखमलाबाद रोडवरच्या त्या बंगल्याला कावळ्यांची टंचाई कधीच नव्हती. थोरली सून उज्वला हिनं गच्चीत कुरडया घातल्या की शेजारच्या बदामावरून सात-आठ जण न बोलावता यायचे. आज तर खीर होती, कढी-भात होता, उडदाचे वडे होते, अण्णांना आवडायचे म्हणून कारल्याचे कुरकुरीत काप होते. कावळे बदामावर हजर होते. पानाकडे बघत होते, मान वाकडी करत होते, पुन्हा एकमेकांकडे बघत होते. लग्नाच्या पहिल्या पंगतीत आधी कोणी बसायचं ते ठरत नसावं तसे.

"अण्णाचा जीव कशात तरी अडकला," योगेश म्हणाला. धाकटा मुलगा, सकाळीच लासलगावहून पिकअप घेऊन आला होता. बायको-पोरं सासुरवाडीच्या पित्राला गेली होती.

"कशात अडकंल?" वाल्मीकनं विचारलं. हा थोरला. विचारायला नको होतं हे त्याला नेहमी विचारून झाल्यावर कळायचं.

नवसाआत्यांनी नाकाला पदर लावला. अण्णांची ही धाकटी बहीण सटाण्यात पन्नास वर्षं नांदून भाषेनं पुरती तिकडची झाली होती. "कशामा म्हंजे? तो कोपरामा काय शे, तुले दिसत नही का?"

कोपऱ्यात निळा प्लास्टिकचा ड्रम होता. वर प्लायवूडचं झाकण, झाकणावर वीट. वास असा की नाकातून शिरायचा आणि डोळ्यांतून बाहेर पडायचा. आत या थेटे कुटुंबाचा घरचा गणपती होता. अनंत चतुर्दशीला त्यात बुडवला, दोन दिवसांत विरघळायचा होता. आज सहावा दिवस.

वाल्मीकची मुलगी वैष्णवी सातपूरच्या एका लॅबमध्ये पाणी तपासायची. तीन वर्षं ती घरात सांगत होती की प्लास्टरची मूर्ती गोदावरीत सोडू नका. तिनं आकडे आणले, तक्ते आणले, एकदा विसर्जनानंतरचं नदीचं पाणी बाटलीत भरून डायनिंग टेबलावर ठेवलं. वाल्मीक सगळं नीट ऐकायचा, "तुझं बरोबर आहे" म्हणायचा आणि जाऊन तीच मूर्ती सांगून यायचा: दोन फुटी, तांबड्या पगडीची, अण्णा निवडायचे तशी. शाडूला अशी पगडी येत नाही, हा त्याचा मुद्दा. यंदा मात्र समोरच्या बंगल्यातल्या गृहस्थांनी कॉलनीच्या ग्रुपवर एक फोटो टाकला. ते, त्यांची बायको आणि मध्ये झेंडूची माळ घातलेला विसर्जनाचा ड्रम. खाली ब्याऐंशी अंगठे. वाल्मीकनं तो फोटो दोन दिवस उघडून बघितला आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच्या ठिबकच्या दुकानातून त्याहून मोठा ड्रम घरी आणला. आकड्यांना तीन वर्षांत जे जमलं नाही ते शेजाऱ्याला एका संध्याकाळी जमलं. वैष्णवीला याचं वाईटही वाटलं आणि बरंही. दोन्ही तिनं गिळलं, कारण काम होत होतं.

वॉर्डातून पांढऱ्या पावडरीची पाकिटं मिळाली होती, सोबत सूचनांचा कागद. मूर्तीच्या वजनाइतकी पावडर, मूर्ती बुडेल इतकं पाणी, आणि दर दोन-तीन तासांनी काठीनं ढवळणे. ढवळण्यासाठी वैष्णवीनं फ्रिजवर तक्ता लावला. ज्यानं ढवळलं त्यानं आपल्या नावापुढे खूण करायची. सहा दिवसांत एकेचाळीस खुणा झाल्या होत्या. गणपती मात्र जसाच्या तसा.

एरवी ही गोष्ट घरातल्या घरात हसण्यावारी गेली असती. पण आज नवसाआत्या निव्वळ जेवायला आल्या नव्हत्या. अण्णांनी जाण्याआधी दोन्ही मुलांना समोर बसवून सांगितलं होतं: तीन वर्षं गणपती वाल्मीककडे, पुढं कुठं बसवायचा ते नवसा सांगेल, तिच्या शब्दावर कोणी बोलायचं नाही. तिसरं वर्ष संपलं होतं. लासलगावला योगेशनं नवा बंगला बांधला होता, आणि त्यातल्या संगमरवरी देवघरात बरोबर दोन फूट जागा रिकामी होती.

"मी जेवसू," नवसाआत्या पायऱ्या उतरता उतरता म्हणाल्या, "पन आधी कावळा. आन् मंग गणपतीना निकाल."

*

स्वयंपाकघरात उज्वला वडे तळत होती आणि तेलापेक्षा जास्त तापली होती.

या घरात ती सून होऊन आली त्या वर्षापासूनचे सगळे मोदक तिच्या हातचे. सत्तावीस वर्षं. गणपतीत सटाण्याचे येत, लासलगावचे येत, निफाडचे चुलते येत; दहा दिवस चपला दारात मावत नसत आणि ती रोज कपाळाला हात लावून म्हणायची की यापेक्षा रेल्वे स्टेशन बरं. पण तिला नीट ठाऊक होतं, लोक तिला भेटायला येत नव्हते. गणपती गेला की माणसं जातात. मग हा बंगला म्हणजे तीन माणसं, एक सासू आणि चार बेडरूम.

"मम्मी, तू खरंच ढवळलंस ना?" वैष्णवीनं दारातून विचारलं.

"तक्त्यावर खूण दिसत नाही का?"

"खुणा सगळ्यांच्याच दिसतात. पण नुसतं वरच्या वर नाही, तळापासून हलवायला पाहिजे. वरती पांढरा थर बसला की आतलं विरघळायचं थांबतं."

"मला शिकवू नकोस. सत्तावीस वर्षं खीर ढवळते मी." उज्वलानं झारा कढईच्या काठावर आपटला. "आणि माझ्यावरच का? पप्पांना विचार, आजीला विचार. ड्रम कोणाच्या हट्टानं आला? आत्याबाई आज नाही म्हणाल्या ना, तर तुझ्या नदीनं मला गणपती आणून द्यायचा नाही."

"माझी नदी?"

"मग कोणाची? मी कधी गेले तिच्यावर पीएच.डी. करायला?"

"एम.एस्सी.," वैष्णवी म्हणाली.

"तेच ते."

वैष्णवी तक्त्यासमोर जाऊन उभी राहिली. तिच्या नावापुढे सतरा खुणा होत्या, सगळ्यांत जास्त. त्या तिनं जरा घाईनं नजरेआड केल्या.

*

योगेश जिन्यात वाल्मीकला गाठून बोलत होता. दोघा भावांची महत्त्वाची बोलणी नेहमी जिन्यातच व्हायची. तिथं बसायला जागा नसते, त्यामुळे भांडण लांबत नाही.

"दादा, मी काय म्हणतो. पिकअप खाली हाय. जेवणं झाली की मूर्ती काढू, ताडपत्री टाकू, नदीवर नेऊन सोडू. दहा मिनटांचं काम."

"लोक बघतील."

"नदीवर गणपती सोडताना कोन काय बघनार? ड्रममध्ये सोडला ते बघितलं लोकांनी, त्याची लाज नाय वाटली का?"

वाल्मीकला लाज वाटत होती, पण उलट्या दिशेनं. त्यानंही कॉलनीच्या ग्रुपवर ड्रमचा फोटो टाकला होता. एक्याण्णव अंगठे. आता मूर्ती परत बाहेर काढताना समोरच्या बंगल्यातला गृहस्थ नेमका झाडांना पाणी घालत उभा असणार.

"आत्याला काय वाटंल त्याचा इचार कर," योगेश म्हणाला.

हे बोलताना योगेशला आत्यापेक्षा स्वतःचं जास्त वाटत होतं, पण ते सांगायची त्याला सवय नव्हती. धाकट्याला घरात कधी विचारलं जात नाही, कामाला मात्र तोच. पूजा थोरल्याची, आरतीचं ताट थोरल्याचं. योगेशच्या वाट्याला एकच गोष्ट होती, पण ती शंभर नंबरी होती: विसर्जन. अंगानं तो दांडगा, म्हणून अण्णा मूर्ती त्याच्याच हातात द्यायचे. कमरेएवढ्या पाण्यात जायचं, तीन वेळा बुडवायचं, मग हात सोडायचे. त्याच्या हातातून देव जायचा. बाहेर येताना सगळे काठावर हात जोडून उभे असायचे आणि त्या एका क्षणापुरता तो थोरला व्हायचा. यंदा मूर्ती वाल्मीकनं आणि वैष्णवीनं मिळून ड्रममध्ये उतरवली. योगेश बाजूला उभा होता. त्याच्या हातात कोणीतरी पावडरीची रिकामी पाकिटं दिली होती.

"बघू," वाल्मीक म्हणाला. वाल्मीकचं 'बघू' म्हणजे होकार असतो, फक्त अंगाला लागू नये एवढीच काळजी.

*

शेवटी कावळ्याचा प्रश्न वाल्मीक-योगेशच्या आई साळूबाई यांनी सोडवला. त्या सकाळपासून काही बोलल्या नव्हत्या. अण्णांच्या मागं त्यांचं बोलणं कमी झालं होतं, पण बघणं कमी झालं नव्हतं.

"ते पान खाली आन," त्यांनी वैष्णवीला सांगितलं. "फाटकाच्या खांबावर ठीव."

"पान उचलता येतं का, बाई?" वाल्मीकला शंका.

"त्यांचं पान हाय. जिवंतपनी खाली दारातल्या वट्ट्यावर जेवायचे का गच्चीत?"

पान खांबावर ठेवून वैष्णवी चार पावलं मागं आली नाही तोच एक कावळा उतरला. त्यानं आधी वडा घेतला. मग तिघे आले, आणि कारल्याच्या कापांवरून त्यांच्यात जी झोंबी लागली ती बघून घरातल्या सगळ्यांना अण्णांची आठवण झाली, पण कोणी तसं म्हणालं नाही.

"वर वास होता," वैष्णवी म्हणाली. "अमोनियाचा. वारा सगळा कठड्याकडे जातोय. कावळ्यांना सहन होत नाही तो."

नवसाआत्यांनी बराच वेळ कावळ्यांकडे बघितलं. "मन्हा भाऊले भूक लागेल व्हती," त्या म्हणाल्या. "बाकी काही नही."

उज्वलाला वाटलं, सुटलो. ती पानं घ्यायला वळली. पण योगेश आडतीवर दिवसभर भाव पाडण्या-चढवण्यात मुरलेला माणूस. हातचा मुद्दा असा सुटू देणार नव्हता.

"घेतला, बरोबर हाय," तो म्हणाला. "पन खाली घेतला. वर नाय घेतला. अण्णानं सांगितलं ना मग, वर काय चाललंय ते पसंत नाय म्हनून."

कावळ्यानं न घेतलेला घास लोक वाचतात हे सगळ्यांना माहीत होतं. घेतलेला घासही वाचता येतो हे त्या दिवशी नव्यानं कळलं. नवसाआत्या पुन्हा विचारात पडल्या. वाल्मीकनं घसा साफ केला आणि जिन्यात ठरलेलं बोलून टाकलं: जेवणं झाली की मूर्ती पिकअपमधून नदीवर न्यावी, म्हणजे कोणाच्या मनात काही राहणार नाही.

"पप्पा," वैष्णवी म्हणाली.

"तुझं बरोबर आहे," वाल्मीक म्हणाला.

तिनं आईकडे बघितलं. उज्वलानं नजर टाळली. तिचं मन स्वच्छ चालत होतं: मूर्ती नदीत गेली तर आत्याबाईंचा राग जाईल, राग गेला तर गणपती राहील. पोरगी काय, आठ दिवस रुसेल आणि लॅबला जाईल. आईनं असा विचार करावा का, तर करू नये. पण केला.

"काढू नका," वैष्णवी म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "अर्धी मूर्ती मऊ झाली असणार. उचलली की हातात तुटेल. हात वेगळा, सोंड वेगळी. ते चालेल का तुम्हाला?"

हे कोणालाच चालणार नव्हतं. सगळे वर गेले.

*

योगेशनं वीट उतरवली, झाकण सरकवलं. वासाचा एक लोट आला आणि सगळे एकदम मागं झाले. तो ओसरल्यावर पुन्हा पुढं आले.

पाणी थोडं आटलं होतं. पगडीचा तुरा पाण्याबाहेर आला होता, तांबडा रंग उडून गुलाबी पडलेला. खांद्यांवर, पोटावर, मांडीवर पांढऱ्या साक्याचा जाड थर साचला होता, बंद घरातल्या फर्निचरवर चादर टाकतात तसा. डोळे मात्र उघडे होते. ते रंगवणाऱ्यानं चांगल्या रंगानं रंगवले होते.

नवसाआत्यांचा पदर नाकावरून डोळ्यांकडे गेला, आणि ते फक्त वासामुळे नव्हतं.

"देवले असं कोंडीसन ठेवस का कोनी," त्या हळू आवाजात म्हणाल्या.

"नवसाआजी, उत्तरपूजा झालीय," वैष्णवी म्हणाली. "अक्षता टाकून मूर्ती हलवली. देव गेले. आता हे नुसतं प्लास्टर आहे."

"मंग तू इतकी लांब काबर उभी शे?"

वैष्णवीनं खाली बघितलं. ड्रमपासून ती सगळ्यांत लांब होती.

"हे ढवळलं कोनी होतं?" योगेशनं विचारलं. त्याला उत्तर नको होतं, आरोप करायचा होता.

"सगळ्यांनी," वाल्मीक म्हणाला. "तक्ता आहे."

"कोनी नाय ढवळलं," साळूबाई म्हणाल्या.

त्या जिन्याच्या दारात उभ्या होत्या, एक हात चौकटीला. "पहिल्या दिवशी काठी मी लावली होती त्या भिंतीला. गाठीचा भाग वर करून. सहा दिवस ती तशीच हाय. गाठ वर. अन् कोरडी." त्यांनी एकेकाकडे बघितलं, घाई न करता. "वाल्मीक झाकन उघडायचा, बघायचा, लावायचा. सूनबाई जिन्यातूनच माघारी यायची. एकेचाळीस खुना. मी मोजल्या, मला वाचता येत नाय पन मोजता येतं."

"आई, मी एकदा गेले होते," उज्वला म्हणाली. "काठी हातात घेतली. पण देवाला काठी कशी लावायची, आई? पोटात टोचल्यासारखं... माझ्यानं नाही झालं. खाली आले आणि खूण करून टाकली. म्हटलं बाकीचे करतायत."

"मला वाटलं तू करतेयस," वाल्मीक म्हणाला.

आणि मग सगळे वैष्णवीकडे बघायला लागले, कारण तिच्या सतरा खुणा होत्या.

तिला खोटं बोलता आलं असतं. तेवढी तयारी तिच्या चेहऱ्यावर क्षणभर दिसली. मग ती म्हणाली, "मीही नाही. पहिल्या रात्री झाकण काढलं आणि ते माझ्याकडे बघत होते. मला सगळं माहितीये, अमोनियम बायकार्बोनेट काय करतं, कॅल्शियम सल्फेटचं काय होतं, सगळं. लोकांना मी प्रोजेक्टर लावून दाखवते. आणि मी झाकण लावून पळत खाली आले."

नवसाआत्यांना हसू आलं. त्यांनी ते पदरात दाबलं, पण खांदे हलले. मग उज्वलाला आलं. वाल्मीकला आलं नाही, कारण तो फोटोखालचे एक्याण्णव अंगठे आठवत होता.

"हसताय काय," योगेश म्हणाला. "आता करायचं काय याचं?"

साळूबाई पुढं आल्या. "तांब्या आन," त्या उज्वलाला म्हणाल्या.

उज्वला देवघरातला तांब्याचा तांब्या घेऊन आली.

"तो नको," वैष्णवी म्हणाली. "यात तांबं झिजतं, निळं होतं. प्लास्टिकचा मग चालेल."

"हाऊ बाथरूमना मग?" नवसाआत्या म्हणाल्या. "गणपतीले?"

शेवटी स्टीलचा तांब्या आला, आणि लॅबमधले हातमोजे. मोजे घालताना साळूबाईंची बोटं आत अडकत होती. वैष्णवीनं एकेक बोट सरळ करून दिलं. उरलेली दोन पाकिटं तिनं पाण्यात सोडली. फेस आला.

साळूबाईंनी तांब्या तळाशी घातला, गढूळ पाणी वर काढलं आणि मूर्तीच्या खांद्यावरून ओतलं. सावकाश. पांढरा थर सरकला आणि खाली गेला. पुन्हा तांब्या, दुसरा खांदा. मग पाठ. एका हातानं त्या ओतत होत्या आणि दुसऱ्या हातानं थर सोडवत होत्या, कानामागं, मानेच्या घडीत, काखेत. त्यांच्या हाताला हे काम ओळखीचं होतं. अण्णांचे शेवटचे पाच महिने, जेव्हा मुलं दारात उभी राहून डॉक्टरांना फोन लावायची, तेव्हा त्यांनीच अण्णांना रोज असंच न्हाऊ घातलं होतं.

"काठीनं नाय जमायचं," त्या म्हणाल्या. "मीबी बघितलं करून मनातल्या मनात. काठी मला नाय उचलवली. पन आंगोळ घालायला काय लागतं."

सोंडेचं टोक त्यांच्या हातात मऊ होऊन सुटलं. त्या थांबल्या नाहीत. ते पाण्यात सोडलं आणि पुढचा तांब्या भरला.

दहा-बारा तांबे झाल्यावर त्यांना दम लागला. त्यांनी मागं न बघता तांब्या धरला. "योगेश."

योगेश जागचा हलला नाही.

"सोडायचं काम तुझं हाय. आमी यंदा तुला इचारलं नाय, ते चुकलं. धर."

वाल्मीकनं भावाकडे बघितलं. अनंत चतुर्दशीला योगेश का तोंड फुगवून गेला होता हे त्याला आत्ता कळलं, आणि एवढी साधी गोष्ट कळायला सहा दिवस लागले म्हणून तो स्वतःवरच वैतागला. वैष्णवीनं मोज्यांची दुसरी जोडी पुढं केली. ती योगेशच्या पंज्यांना लहान होती. अर्ध्यावर अडकली, तशीच त्यानं घातली.

पहिला तांब्या त्यानं लांबून ओतला. दुसरा जवळून. तिसऱ्याला त्याचा हात मूर्तीच्या पाठीवर गेला आणि तिथंच राहिला.

"पाण्यात सोडला की हलका व्हायचा," तो म्हणाला. कोणाला म्हणाला ते कळलं नाही. "हात सोडले की गेला. मी कधी मागं वळून नाय पाह्यलं. मला वाटायचं, गेला." तो ओतत राहिला. "तिथंबी असाच बसत असंल ना, खाली? डोळे उघडे ठिवून. सहा दिवस, सहा महिने."

वैष्णवीकडे यावर आकडा होता. तो तिनं सांगितला नाही. गेल्या तीन वर्षांतलं तिचं हे पहिलंच शहाणपण असेल.

"लासलगावले बसाडा तर कोठे सोडशी?" नवसाआत्यांनी विचारलं. सहज विचारल्यासारखं, पण सगळे ताठ झाले. निकाल सुरू झाला होता.

"क्यानॉलला," योगेश म्हणाला. सवयीनं. मग तांब्या हवेतच राहिला. "नाय," तो म्हणाला. "आता क्यानॉलला नाय जमायचं."

"मंग ड्रममा?"

"हे?" त्यानं मूर्तीकडे बघितलं. कपाळाचं गंध ओघळून भुवईत उतरलं होतं. "हे मला दर वर्षी नाय बघवणार, आत्या. एकदाच ठीक हाय." त्यानं मान वळवली. "वैष्णवी, ती शाडूची किती टाइम घेती?"

"रात्रीत माती होते. कधी कधी तीन-चार तासांत."

"तीच आनायची."

"शाडूला पगडी येत नाही," वाल्मीक म्हणाला.

"पगडी मी बांधीन. कापडाची. अण्णाचा फेटा हाय की माझ्याकडं. सोडायच्या आधी काढून घ्यायचा." योगेशनं तांब्या पुन्हा पाण्यात घातला. "दादा, तुझं आता काय राह्यलं?"

वाल्मीकचं काही राहिलं नव्हतं. तीन वर्षं पोरगी ज्यासाठी घसा कोरडा करत होती ते असं उभ्या उभ्या ठरलं, आणि त्यात गोदावरीचा कोणी शब्दसुद्धा काढला नाही. वैष्णवीच्या ते लक्षात आलं. तिनं काही दुरुस्ती केली नाही.

"गणपती वाल्मीककडेच ऱ्हाई," नवसाआत्या म्हणाल्या. "मन्हा भाऊनी जागा इथली शे. पन मूर्ती आननं योगेशनं, पगडी योगेशनी, आन् सोडनं योगेशनं. त्याना हातशिवाय मूर्ती पाटावरथीन उठाले नको." त्यांनी उज्वलाकडे बघितलं. "आते वाढ. माले भूक लागनी."

*

खाली पंगत बसली, पण योगेश उतरला नाही. मूर्तीचा चेहरा पुरता जाईपर्यंत तो हलणार नव्हता. साळूबाईंनी दोनदा हाक मारली, मग सोडून दिलं.

उज्वलानंच त्याचं ताट वर नेलं. उन्हं कलली होती. तो खुर्ची ओढून ड्रमपाशी बसला होता, तोंडाला रुमाल, हातांना अर्धे मोजे. पाण्यात आता आकार होता, पण कोणाचा ते अनोळखी माणसाला सांगता आलं नसतं. तिनं ताट वाऱ्याच्या उलट बाजूला, टाकीच्या कट्ट्यावर ठेवलं.

सकाळपासून या माणसाला तिनं मनातल्या मनात जे जे ऐकवलं होतं ते सगळं तिला आठवत होतं. त्यातलं एकही वाक्य आता उपयोगाचं नव्हतं.

"भाऊजी, हात धुऊन घ्या. वडे गार होतील."

"ठिवा. येतो." तो पाण्याकडेच बघत होता. "वैनी, पुढच्या वर्षी शाडूची म्हनजे आधीपासून यावं लागंल. मूर्ती आनायला, पगडीला. मधी सोडून जाता येनार नाय, कोनी धक्का दिला तर फुटती म्हनं ती."

"या की. किती दिवस म्हणता?"

"दहाच्या दहा." त्यानं तांब्या ओतला. "तिला अन् पोरांनाबी आनतो. सासूबाईंना गणपतीत इथं यायचं लय दिवसांचं मनात हाय."

उज्वला हो म्हणाली. मनापासून म्हणाली. आणि जिना उतरता उतरता ती घरातल्या गाद्या मोजू लागली.